दशाश्वमेध घाट : काशीच्या घाटांवरील मार्गदर्शित पदभ्रमंती

वाराणसीच्या पश्चिम काठावर दक्षिणेकडील असी घाटापासून उत्तरेकडील राजघाट आणि आदिकेशव घाटापर्यंत गंगेच्या घाटांची चंद्रकोरीसारखी रांग पसरलेली आहे. परंपरेने घाटांची संख्या ८४ सांगितली जाते. सुमारे साडेसहा ते सात किलोमीटरची ही वाट पायी चालता येते. तिच्या साधारण मध्यावर दशाश्वमेध घाट आहे. हिमालयातील राष्ट्रीय उद्यानांत वाटाड्याला सोबत घेऊन पदभ्रमण करण्याची जशी पद्धत रूढ झाली, तशीच या घाटांवरही जाणत्या मार्गदर्शकासह चालण्याची प्रथा गेल्या काही दशकांत वाढली आहे. मात्र येथे प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही आणि ठरवून दिलेली एकच वाटही नाही. कोठे थांबावे, काय पाहावे आणि कोठे नजर खाली करून पुढे जावे, हे सांगणारा माणूस कसा आहे यावर या फेरीचे मोल ठरते.

मराठी यात्रेकरूंच्या दृष्टीने ही वाट विशेष महत्त्वाची आहे. दशाश्वमेधासह येथील अनेक घाट, वाडे व मंदिरे पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या आश्रयाने उभी राहिली. काशीयात्रा करून परतल्यावर मावंदे घालण्याची रीत महाराष्ट्रात अजून टिकून आहे. असे असले तरी दर्शन, गंगापूजन आणि सायंकाळची आरती आटोपून परतणाऱ्या अनेकांना आपण कोणाच्या बांधलेल्या पायऱ्यांवर उभे होतो, याची कल्पना नसते.

नाव आणि आख्यायिका

दशाश्वमेध म्हणजे दहा अश्वमेध. काशीखंडातील कथेनुसार राजा दिवोदासाच्या साहाय्याने ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध यज्ञ केले आणि पूर्वी रुद्रसरोवर म्हणून ओळखले जाणारे हे तीर्थ दशाश्वमेध या नावाने प्रसिद्ध झाले.

इतिहास संशोधकांनी या नावाचा दुसराही अर्थ लावला आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडला. त्यात भारशिव राजांचा उल्लेख आहे. भागीरथीच्या जलाने अभिषेक झालेले आणि दहा अश्वमेधांनंतर अवभृथ स्नान केलेले राजे, असे त्यांचे वर्णन येते. इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी या उल्लेखाचा संबंध दशाश्वमेध घाटाशी जोडला. ताम्रपटात काशीचे नाव नाही. त्यामुळे हा तर्क आहे, पुरावा नव्हे. चांगला मार्गदर्शक पुराणकथा, संशोधकाचा तर्क आणि कोरीव लेख या तिन्ही गोष्टी सांगतो, परंतु त्यांची सरमिसळ होऊ देत नाही.

घाटाची बांधणी

दगडी घाटाचे बांधकाम १७४८ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांनी करविले. पुढे १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकर यांनी त्याची पुनर्बांधणी केली. या दोन नोंदींमागील राजकीय पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. काशी आणि प्रयाग ही तीर्थक्षेत्रे आपल्या अमलाखाली यावीत, अशी पेशव्यांची इच्छा होती. ती कधीच पूर्ण झाली नाही. अठराव्या शतकात काशीवर प्रथम अवधच्या नवाबांची सत्ता आणि त्यांच्या अधीन बनारसच्या राजांचा कारभार होता. १७७५ च्या करारानंतर हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. म्हणजे मराठ्यांनी बांधलेले घाट हे विजयाचे स्मारक नव्हते. दुसऱ्याच्या मुलखात पैसा, कारागीर आणि पुरोहितांच्या परस्परविश्वासावर ते उभे राहिले.

अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिर १७८० मध्ये बांधले. त्यापूर्वीच्या मंदिराचा इतिहासही महाराष्ट्राशी निगडित आहे. पैठणहून काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथ मंदिराच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवरील ‘त्रिस्थळीसेतु’ हा ग्रंथ त्यांचाच. ते मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातील होत.

दक्षिणेकडील टप्पा : असी ते दशाश्वमेध

मार्गदर्शित फेरीचे साधारण दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा असी घाटावरून पहाटे सुरू होतो. येथे २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ हा प्रभातकालीन कार्यक्रम होतो. घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे उगवत्या सूर्याचा प्रकाश थेट पायऱ्यांवर पडतो. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे, म्हणून असीहून निघालेला पदयात्री प्रवाहाच्या दिशेनेच चालत असतो.

असीनंतर तुळशी घाट लागतो. संत तुलसीदासांचे वास्तव्य येथे होते. गंगेच्या शुद्धीसाठी १९८२ पासून काम करणाऱ्या संकटमोचन फाउंडेशनचे केंद्रही याच घाटावर आहे. जवळच्या भदैनी भागात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान असून तेथे स्मारक उभारण्यात आले आहे. राणीचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या आश्रयाने काशीत राहत होते.

पुढे चेतसिंह घाटावरील किल्लेवजा वास्तू १७८१ मधील संघर्षाची आठवण देते. वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला येथेच नजरकैदेत ठेवले आणि राजा तेथून निसटला. हरिश्चंद्र घाटावर अंत्यसंस्कार होतात. केदार घाटावरील लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मंदिर दक्षिण भारतीय यात्रेकरूंचे श्रद्धास्थान आहे. त्यानंतर अमृतराव पेशवे यांच्या नावाशी जोडलेला राजाघाट, चौसष्ठी घाट, राणामहाल घाट, दरभंगा घाट आणि नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा मुन्शी घाट येतो. अहिल्याबाई घाट ओलांडला की शीतला घाट आणि त्याला लागून दशाश्वमेध घाट लागतो. सरळ चालल्यास हे अंतर तासाभरात कापता येते. थांबत, पाहत आणि ऐकत गेल्यास दोन ते अडीच तास लागतात.

उत्तरेकडील टप्पा : दशाश्वमेध ते पंचगंगा

दुसरा टप्पा अंतराने लहान, पण चढउतारांमुळे अधिक श्रमाचा आहे. दशाश्वमेधाला लागून प्रयाग घाट आणि पूर्वी घोडा घाट म्हणून ओळखला जाणारा राजेंद्रप्रसाद घाट आहे. त्यापुढे मानमंदिर घाट येतो. अंबरच्या राजा मानसिंहांनी बांधलेल्या या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. दिल्ली व जयपूर येथील जंतरमंतरच्या मालिकेतील हे एक केंद्र. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील या वास्तूत २०१९ पासून आभासी संग्रहालयही आहे.

पुढील ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचे नेपाळी मंदिर आहे. काशी विश्वनाथ धामाचा गंगेकडील मार्ग याच परिसरात उतरतो. या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादित करण्यात आल्या आणि मंदिराचा परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांपर्यंत विस्तारला. वृद्ध यात्रेकरूंना गल्ल्यांतील दाटी टाळून नदीकडून थेट मंदिरात जाणे यामुळे शक्य झाले. त्याच वेळी जुन्या ‘पक्का महाल’ भागातील काही गल्ल्या आणि घरे नाहीशी झाली. जुन्या प्रवासवर्णनांत किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात आलेल्या खुणा शोधणाऱ्याला त्या आता सापडतीलच असे नाही.

मणिकर्णिका घाट हे काशीचे महास्मशान. तेथे अहोरात्र चिता जळत असतात. एकनाथ महाराजांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला काशीत मणिकर्णिकेच्या तीरी केली. मराठी वाचकांना ‘एकनाथी भागवत’ या नावाने परिचित असलेला हा ग्रंथ अशा रीतीने गोदावरीकाठी सुरू होऊन गंगाकाठी पूर्ण झाला.

मणिकर्णिकेनंतरचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. भव्य दगडी बांधकामाचा भार खालची जमीन पेलू शकली नाही आणि घाट खचला. पुढे १९३७ मध्ये शिंदे घराण्याकडून त्याची दुरुस्ती झाली. जवळच असलेले रत्नेश्वर महादेव मंदिर एका बाजूला कललेले असून वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. ज्ञानवापी विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही बायजाबाईंनीच १८२८ मध्ये बांधविला होता.

त्यानंतर नागपूरकरांचा भोसले घाट, रामघाट आणि पेशव्यांच्या बालाजी मंदिरामुळे ओळखला जाणारा बालाजी घाट लागतो. याच मंदिरात सनईवादक उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी बालपणापासून रियाज केला. पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाच्या प्राचीन मंदिराच्या जागी औरंगजेबाच्या काळात बांधलेली आलमगीर मशीद उभी आहे. बनारस टांकसाळीत अधिकारी असलेले जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात शहरात होते. त्यांनी शहराचा नकाशा तयार केला, घाटांची चित्रे काढली आणि या मशिदीचे खिळखिळे झालेले मिनार दुरुस्त करविले. त्यांच्या चित्रांत दिसणारे ते उंच मिनार आज अस्तित्वात नाहीत. पंचगंगेपलीकडील दुर्गाघाट व ब्रह्माघाट पेशव्यांचे गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी संबंधित आहेत. या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे.

वाटाड्यांची जुनी परंपरा

मार्गदर्शकासह चालणे ही काशीत आधुनिक पर्यटनाने आणलेली गोष्ट नाही. असी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव या पाच स्थानी स्नान करण्याची पंचतीर्थी यात्रा जुनी आहे. त्याहून मोठी पंचक्रोशी. मणिकर्णिकेवर स्नान व संकल्प करून निघणारी ही सुमारे ८० किलोमीटरची प्रदक्षिणा परंपरेने पाच दिवसांत, कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा येथे मुक्काम करत पायी पूर्ण केली जाते.

या यात्रांची वाट दाखविणारे होते तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातील कुटुंबे त्यांना क्षेत्रोपाध्ये म्हणत. यजमान कोणत्या गावचा, त्याच्या घराण्यातील कोण कधी आले होते, याच्या नोंदी त्यांच्या चोपड्यांत असत. उतरण्याची सोय, विधी आणि शहराची माहिती हे सारे त्यांच्याकडून मिळे. घाटावर वेताच्या मोठ्या छत्रीखाली लाकडी चौकी मांडून बसणारे घाटिये आणि निषाद समाजातील नाविक हे या व्यवस्थेचे इतर दोन आधार. आजच्या पदभ्रमंतीत बाहेरून शिकून आलेला मार्गदर्शक पुढे असला, तरी घाटाची खरी माहिती बऱ्याच अंशी या मंडळींकडेच असते.

परवाना, ओळखपत्र आणि मोबदला

सध्या घाटांवर तीन प्रकारचे मार्गदर्शक आढळतात. पहिले, केंद्र किंवा राज्य शासनाच्या पर्यटन यंत्रणेकडून परवाना मिळालेले. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्थळी असे परवानाधारक मार्गदर्शक अपेक्षित असतात. त्यांच्या जोडीला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ‘अतुल्य भारत’ या नावाखाली ऑनलाइन प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा उपक्रमही सुरू केला आहे. दुसरे, खासगी पर्यटन संस्थांच्या वतीने छोट्या गटांना फिरविणारे. तिसरे, कोणतीही औपचारिक ओळख नसताना घाटावरच गाठणारे.

तिसऱ्या प्रकारातील प्रत्येक जण फसविणारा असतो असे नाही. अनेकांचे बालपण याच पायऱ्यांवर गेलेले असते. तरीही पैशाची बोलणी आधी न केल्यास वाद होतात. फेरी किती वेळाची, कोणत्या घाटापर्यंत, नावेचे भाडे त्यात धरले आहे काय आणि विधीची दक्षिणा वेगळी आहे काय, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट करून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे ठरते. दुकानात नेण्याचा आग्रह, किंवा मणिकर्णिकेवर गरिबांच्या चितेच्या लाकडांसाठी म्हणून अनोळखी व्यक्तीने केलेली पैशांची मागणी, या दोन्हींना नम्रपणे नकार देता येतो.

शोकाचा मान

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे दोन घाट या वाटेवरील सर्वांत नाजूक ठिकाणे आहेत. तेथे आलेली कुटुंबे पर्यटकांसाठी आलेली नसतात. चितेची किंवा शोकाकुल नातलगांची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या खासगी दुःखाचा भंग आहे, आणि स्थानिक लोकही त्यास तीव्र हरकत घेतात. जबाबदार मार्गदर्शक या ठिकाणी गट थांबवत नाही. कॅमेरे आणि मोबाइल आधीच आत ठेवायला सांगतो, आवाज खाली आणतो आणि जे सांगायचे ते पुढच्या घाटावर गेल्यावर सांगतो. अस्थिविसर्जनासाठी आलेले मराठी कुटुंब आणि सहलीसाठी आलेला मराठी गट एकाच सकाळी याच पायऱ्यांवर असू शकतात. एकाच्या वागण्याचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, एवढे भान या फेरीत अपेक्षित असते.

नदीची पातळी

घाटांची वाट चालता येईल की नाही, हे अखेरीस नदी ठरविते. केंद्रीय जल आयोगाच्या वाराणसी येथील मापनकेंद्रावर गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. आजवरची सर्वोच्च नोंद ७३.९०१ मीटर असून ती सप्टेंबर १९७८ मधील आहे. २०१३, २०१६, २०२१ आणि २०२२ या वर्षी नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती.

धोक्याची पातळी गाठण्याच्या बरेच आधी घाटांचा परस्परसंपर्क तुटतो. खालच्या पायऱ्या बुडाल्या की एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्यास गल्ल्यांतूनच वाट काढावी लागते. अशा वेळी नौकानयनावर बंदी येते. आरतीची जागा वर सरकते, प्रसंगी ती इमारतीच्या छतावर केली जाते. मणिकर्णिकेवर दहनही उंच ओट्यांवर व छतांवर करावे लागते. पूर ओसरल्यानंतर पायऱ्यांवर गाळाचे जाड थर उरतात. पंपाच्या पाण्याने तो गाळ पुन्हा नदीत ढकलण्याचे काम अनेक आठवडे चालते. ओल्या गाळावरून पाय घसरण्याचा धोका या काळात सर्वाधिक असतो.

म्हणूनच सलग पदभ्रमंतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम मानला जातो. उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यान जून ते ऑक्टोबर या काळात पर्यटकांसाठी खुले असते. तेथून वाहणाऱ्या पुष्पावतीचे पाणी अलकनंदेमार्गे गंगेला मिळते. वर फुलांचा बहर असतो, त्या महिन्यांत खाली काशीचे घाट पाण्याखाली जातात.

नदीतील जीवसृष्टीचाही या वाटेशी संबंध आहे. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा नदीपट्टा १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. १९८६ मध्ये वाराणसीतूनच प्रारंभ झालेल्या गंगा कृती योजनेअंतर्गत नदी स्वच्छ राखण्यासाठी कासवे सोडण्याचा हा प्रयोग होता. २०२० मध्ये या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. घाटांसमोरील प्रवाह तेव्हापासून संरक्षित क्षेत्र राहिलेला नाही.

सायंकाळची आरती आणि सुरक्षा

दशाश्वमेधावर दररोज सूर्यास्तानंतर होणारी गंगा आरती सुमारे पाऊण तास चालते. वेळ ऋतुमानाप्रमाणे बदलते. पायऱ्या, मढ्या आणि समोर उभ्या नावा तासभर आधीच भरून जातात. ७ डिसेंबर २०१० रोजी आरतीच्या वेळी लगतच्या शीतला घाटावर बॉम्बस्फोट झाला. त्यात एका लहान मुलीचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. तेव्हापासून येथील बंदोबस्त वाढविण्यात आला. गर्दीच्या दिवशी, विशेषतः देवदीपावलीला म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, गोदौलिया चौकापासूनच वाहने रोखली जातात आणि उरलेले अंतर चालत जावे लागते. वृद्ध आणि मुले सोबत असल्यास आरतीनंतर गर्दी ओसरेपर्यंत जागेवर थांबणे अधिक सुरक्षित ठरते.

जाण्यापूर्वी

पायऱ्या उंच आणि असमान असल्याने घट्ट पकड असलेली पादत्राणे आवश्यक आहेत. मंदिरांत जाताना ती सहज काढता यावीत. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे सूर्योदय दिसेलच असे नाही. एप्रिलपासून दगड तापू लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात फेरी सकाळी आठपूर्वी संपविणे इष्ट. गुडघेदुखी असलेल्यांनी पूर्ण वाट चालण्याऐवजी असी ते दशाश्वमेध हा टप्पा पायी आणि पुढील टप्पा नावेने करावा. नावेत जीवरक्षक जाकिटे आहेत काय, हे चढण्यापूर्वी पाहावे. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस थेट वाराणसीला जाते. स्थानकापासून गोदौलियापर्यंत रिक्षा मिळते आणि तेथून घाट काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

घाटांवरील अनेक वास्तूंवर बांधणाऱ्यांच्या नावाचे फलक व शिलालेख आहेत. काही मोडी-देवनागरीच्या जाणकारांनाच वाचता येतील असे झिजलेले, तर काही नव्या रंगाखाली गेलेले. मार्गदर्शकाला त्या लेखांबद्दल विचारणे ही त्याची परीक्षाही ठरते आणि त्या लेखांची जपणूकही. जे कोणी विचारत नाही, ते दाखविण्याची सवय हळूहळू सुटते.